पत्ता शोधणं आणि रस्ता ठरवणं : सातारकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत घर, दुकान, शाळा, दवाखाना नकाशावर नेमक्या जागी नोंदवायला मी लोकांना मदत करतो. त्यामुळे कुणाचा ना कुणाचा मेसेज रोज येतोच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. उदाहरणं बहुतेक सातारा जिल्ह्यातली आहेत, काही शेजारच्या सांगलीची. बहुतेकांच्या फोनमध्ये गूगल मॅप्स असतं, म्हणून वेगळं सांगितलेलं नसेल तिथे तेच धरून चाला.

१. पूर्ण पत्ता टाकला तरी नकाशा भलत्याच गल्लीत का नेतो?

कारण आपला पत्ता माणसांसाठी लिहिलेला असतो. 'राजवाड्याजवळ, मारुतीच्या देवळासमोर, बोळात' हे वाचून पोस्टमनकाका बरोबर येतात. नकाशाला मात्र अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे लागतात. तुमच्या ओळीतले ओळखीचे शब्द उचलून तो त्यांचा बिंदू शोधतो. 'जवळ', 'समोर', 'मागे' या शब्दांचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

जिथे घरांचे क्रमांक रस्त्याच्या ओळीने चालतात, एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम, तिथे १० आणि ३० क्रमांकाची घरं माहीत असली की २० क्रमांकाचा अंदाज बांधता येतो. आपल्या पेठांत क्रमांक असे ओळीने चालत नाहीत. म्हणून घर सापडलं नाही की नकाशा पेठेचा मध्य दाखवून मोकळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे : नुसत्या पिनेऐवजी भोवती तुटक रेषेची हद्द दिसली, तर तो भाग सापडलाय, घर नाही. तिथे 'दिशानिर्देश' दाबून निघू नका.

२. मग पत्ता पाठवायचा कसा?

एक बिंदू आणि एक वाक्य, दोन्ही पाठवा.

बिंदूसाठी सॅटेलाइट चित्र लावा, आपलं छप्पर ओळखा, त्यावर बोट दाबून धरा. पिन उमटली की 'शेअर' करा. गाडी जिथे थांबते ते फाटक घरापासून लांब असेल, तर पिन फाटकावर ठेवा. वाक्य शेवटच्या दोनशे मीटरचं हवं : 'गोडोली तळ्यावरून आत या, डाव्या हाताला पिठाची गिरणी, तिच्या मागचं निळ्या फाटकाचं घर.' खुणा टिकणाऱ्या निवडा. देऊळ, पाण्याची टाकी, शाळा, वडाचं झाड चालेल. बॅनर आणि भेळेची गाडी नको. रात्री येणाऱ्यासाठी रात्रीही दिसेल अशी एक खूण घाला.

असा मेसेज एकदा नीट लिहून स्वतःलाच पाठवून ठेवा. घाईत लिहिलेला पत्ता नेहमी अपुरा राहतो.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवलं, पाहुणे माझ्या ऑफिसवर पोहोचले. असं का?

तुम्ही ऑफिसात बसून 'सध्याचं लोकेशन' पाठवलं, म्हणून. ते घराचं नसतं, त्या क्षणी फोन जिथे असतो तिथलं असतं. घराचं पाठवायचं तर प्रश्न २ प्रमाणे पिन टाकून पाठवा. 'लाइव्ह लोकेशन' वेगळं आहे : ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास तुमच्यासोबत हलत राहतं. एकमेकांना वाटेत गाठायचं असेल तेव्हा ते वापरा.

४. गावाचं नाव टाकलं की दुसऱ्याच जिल्ह्यातलं गाव येतं. काय करावं?

आपल्या जिल्ह्यात हे फारच होतं. औंध टाकलं की पुण्याचं औंध येतं, खटाव तालुक्यातलं यमाईचं औंध मागे राहतं. पाटण टाकलं तर गुजरातचं पाटण पुढे येतं. माण हा आपला तालुका, तसं हिंजवडीजवळ माण गावही आहे. खुद्द 'सातारा' हे नावसुद्धा आपलं एकट्याचं नाही; छत्रपती संभाजीनगरात सातारा परिसर नावाचा मोठा भाग आहे. वाठारांची तर रांगच आहे : वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर, कराडजवळचं वाठार, शिवाय कोल्हापूरच्या वाटेवरचं वाठार.

गाव, तालुका, जिल्हा अशी तिन्ही नावं लिहा. खुर्द-बुद्रुक गाळू नका, ती दोन वेगळी गावं असतात. निकाल आला की आधी अंतर पाहा. साताऱ्याहून औंधला निघताय आणि अंतर शंभराच्या पुढे दिसतंय, तर तुम्ही पुण्याला निघालात.

५. मराठीत शोधू की इंग्रजीत?

आधी मराठीत, नाही सापडलं तर इंग्रजीत. इंग्रजी अक्षरांत 'ल' आणि 'ळ' यांचा फरक राहत नाही, 'व'साठी दोन अक्षरं वापरली जातात आणि ऱ्हस्व-दीर्घ हरवतं. कराड तालुक्यात काले आहे आणि कोळेही आहे. घाईत केलेल्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही एका अक्षराच्या अंतरावर येतात. कराड आणि कऱ्हाड अशी एकाच गावाची दोन रूपंही चालतात. नाव बदललेल्या गावांचं जुनं नाव सहसा शोधात चालतं, पण निकालाचा तालुका तपासाच.

६. पिन कोड टाकला तर घर सापडेल ना?

नाही. पिन कोड टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचा असतो, घराचा नसतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी, संस्कृतचे कवी आणि पंडित, ही मला फार अभिमानाची गोष्ट वाटते. सहा आकड्यांपैकी पहिले तीन टपालाच्या छाननीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय.

टपालाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच असेल असं मात्र नाही. सातारा शहर ४१५००१, कराड ४१५११०. पण वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६, म्हणजे सुरुवात पुण्याकडच्या गावांसारखी. उलट रत्नागिरी शहराचा पिन ४१५६१२ आहे, आपल्यासारखाच ४१५ ने सुरू होणारा. त्यामुळे '४१५ आहे म्हणजे सातारा जिल्हा' हा हिशेब चुकतो. एकाच नावाच्या दोन गावांतलं आपलं कोणतं, हे ठरवायला मात्र पिन उत्तम (प्रश्न ४).

७. डिजिपिन, प्लस कोड, मॅपल्स पिन यांतलं काय घ्यावं?

तिन्ही बिंदूला दिलेली छोटी नावं आहेत. डिजिपिन भारतीय टपाल विभागाचा. तो मे २०२५ मध्ये खुला झाला. देशभर सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन कल्पून प्रत्येकाला दहा अक्षरी संकेत दिलेला आहे. तो अक्षांश-रेखांशावरून गणितानेच निघतो, त्यामुळे घर असो, विहीर असो, माळ असो, संकेत असतोच. तो पिन कोडची जागा घेत नाही. प्लस कोड गूगलचा. नेहमीच्या लांबीच्या कोडचा चौकोन सुमारे १४ मीटरचा. त्याचा लहान भाग आणि पुढे 'सातारा' एवढं लिहिलं तरी चालतं. मॅपल्स पिन हा मॅपमायइंडियाचा सहा अक्षरी संकेत.

माझं मत विचाराल तर समोरच्याच्या फोनमध्ये जे उघडतं ते पाठवा. आज बहुतेक वेळा तो प्लस कोड असतो. डिजिपिन लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. या संकेतांना मजला कळत नाही हे लक्षात असू द्या. चौथ्या मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या घराचा संकेत एकच येईल, तेव्हा विंग आणि मजला शब्दांतच लिहावा लागतो.

८. अक्षांश-रेखांश टाकले तर नकाशाने समुद्र दाखवला. आकडे चुकले का?

बहुधा क्रम चुकला. आधी अक्षांश, मग रेखांश. सातारा सुमारे १७.६९ उत्तर, ७४.०० पूर्व. हेच उलटे टाकले तर नकाशा नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिककडच्या समुद्रात जातो. आपल्याकडे पहिला आकडा १६ ते १८ च्या आसपास आणि दुसरा ७३ ते ७५ च्या आसपास असायला हवा.

एक गंमतीदार तपशील : ७४ अंशांचा रेखांश सातारा शहरातूनच जातो. त्यामुळे शहराच्या पश्चिम भागातला आकडा ७३.९८ असा दिसेल आणि पूर्वेकडचा ७४.०१ असा. सुरुवात वेगळी दिसली म्हणून चूक समजू नका.

दुसरी चूक लिहिण्याच्या पद्धतीची. १७ अंश ४१ मिनिटं म्हणजे १७.४१ नव्हे. ४१ ला ६० ने भागा, १७.६८ येईल. या चुकीने तुम्ही तीस किलोमीटर दक्षिणेला जाता. दशांशानंतर पाच आकडे असले की जागा साधारण मीटरभर अंतरात येते. दोनच ठेवले तर किलोमीटरचा फरक पडू शकतो.

९. सातबाऱ्यावरचा गट नंबर टाकून शेत सापडेल का?

गूगल मॅप्सवर नाही. राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गटाचा आकार आणि शेजारचे गट पाहता येतात. तो आकार सॅटेलाइट चित्राशी ताडून शेताची जागा ओळखा आणि पिन टाका. बांधाचा वाद असेल तर या दोन्हींवर विसंबू नका. त्याला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

१०. आमची वस्ती नकाशावर नाहीच. ती कशी येईल?

या प्रश्नासाठी मी कितीही वेळ द्यायला तयार आहे. आमच्या नात्यातल्या एका आजींना रात्री अकराच्या सुमाराला धाप लागली. घरच्यांनी फोनवर गावाचं नाव सांगितलं. रुग्णवाहिका नकाशाने दाखवलेल्या गावाच्या मध्यावर, चावडीपुढे येऊन थांबली. वस्ती तिथून तीन किलोमीटर आत, ओढ्यापलीकडे. नातू मोटरसायकलवर चावडीपर्यंत गेला आणि गाडीच्या पुढे राहून तिला घेऊन आला. आजी बऱ्या झाल्या. मधली वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

आपल्याकडे गाव म्हणजे गावठाण आणि भोवतीचे मळे, वाड्या, वस्त्या. निम्मं गाव शेतात राहतं, पण नकाशावर नाव फक्त गावठाणाला असतं. म्हणून आधी सार्वजनिक जागा नोंदवा : जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, देऊळ, एसटी थांबा, पाण्याची टाकी. गूगल मॅप्समध्ये 'हरवलेलं ठिकाण जोडा' हा पर्याय आहे; सोबत बाहेरून काढलेला स्वच्छ फोटो दिलात तर मान्यता मिळायला मदत होते. मग रस्ता. सॅटेलाइट चित्र जुनं असू शकतं आणि नवा पाणंद रस्ता त्यात दिसत नाही, तेव्हा रस्त्याचीही सूचना पाठवावी लागते.

दुसरी वाट ओपनस्ट्रीटमॅपची. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच काढलेला आहे. खातं उघडून तुम्ही स्वतः रस्ता, वस्ती, ओढा रेखू शकता, नावं मराठीत लिहू शकता. अनेक ऑफलाइन अ‍ॅप हाच नकाशा वापरतात. कॉलेजची मुलं एका रविवारात एक गाव नीट काढू शकतात, हे मी पाहिलंय.

स्वतःचं घर मात्र जाहीर ठिकाण म्हणून, मालकाच्या नावासकट टाकू नका. 'लेबल' देऊन स्वतःपुरतं जपा आणि लागेल त्याला प्रश्न २ प्रमाणे पाठवा. विशेषतः घरात वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर.

११. निळा ठिपका उड्या का मारतो?

फोनला जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. उघड्या आभाळाखाली चूक साधारण पाच मीटरची असते. पेठेतल्या अरुंद बोळात किंवा डोंगराच्या कुशीत आभाळ कमी दिसतं, भिंतींवरून आपटून आलेले संदेश मिसळतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जातो. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी अनिश्चितता जास्त. ते लहान होईपर्यंत मिनिटभर उघड्यावर थांबा. पिन टाकायची असेल तर हे कराच.

१२. नकाशा रस्ता निवडतो कसा? चांगला रस्ता सोडून शेतातून का नेतो?

त्याच्यासाठी रस्ते म्हणजे जाळं. प्रत्येक चौक एक गाठ, दोन गाठींमधला रस्ता एक दोरा, आणि दोऱ्याला लागणाऱ्या वेळेचा आकडा जोडलेला. कमीत कमी बेरीज कशी शोधायची याची मूळ रीत डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या रीती तिच्याच पुढच्या पिढ्या आहेत.

गणित बरोबर असतं, दोऱ्यावरचा आकडा चुकतो. पाणंद रस्ता पक्का म्हणून नोंदलेला असेल तर तिथे ताशी चाळीसचा वेग धरला जातो आणि चार मिनिटं वाचवायला तुम्हाला उसाच्या फडातून नेलं जातं. दोन रस्त्यांत पाच-सात मिनिटांचाच फरक दिसत असेल, तर अनोळखी भागात मोठा रस्ता धरा. 'टोल टाळा' चुकून चालू नाही ना, हेही पाहा. ते चालू असलं की आनेवाडी आणि तासवडे चुकवायला गावागावांतून फिरवलं जातं. दुचाकीचा पर्याय भारतात २०१७ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यातला रस्ता चारचाकीने धरू नका, अरुंद बोळात अडकाल.

१३. दाखवलेल्या वेळेत कधीच पोहोचत नाही. वेळ खोटी असते का?

वेळ खोटी नसते, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असते. त्या रस्त्यावरच्या फोनच्या हालचालींवरून आणि पूर्वीच्या नोंदींवरून ती काढलेली असते, आणि गृहीत धरलेली असते न थांबणारी मोटार. तुमचा चहा, नाश्ता, पेट्रोल त्यात नाही. मालाने भरलेला टेम्पो घाटात निम्म्या वेगाने चढतो, तेही नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे किती वेळ जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. रेल्वे पकडायची असेल तर आणखी एक : सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीकडे आहे. वेळ 'सातारा'पर्यंतची न पाहता स्टेशनपर्यंतची पाहा.

१४. बामणोली आणि तापोळा नकाशावर शेजारी दिसतात, मग रस्त्याचं अंतर एवढं कसं?

मध्ये शिवसागर जलाशय आहे. कोयना धरणाचं पाणी खोऱ्याच्या फाट्याफाट्यांत शिरलेलं आहे. समोरचा काठ डोळ्याला दिसतो, पण तिथे पोहोचायला डोंगर वळसा घालून जावं लागतं किंवा लाँच, तराफा घ्यावा लागतो. अशा भागात 'अंतर मोजा' हे साधन वापरू नका, ते सरळ रेषा मोजतं. नकाशाने जलवाहतुकीची तुटक रेषा दाखवली, तर निघण्याआधी बोट सुरू आहे का, गाडी घेतात का, शेवटची फेरी कधी, हे फोनवर विचारा.

१५. हायवेवर ठिकाण दिसत होतं, पण ते पलीकडच्या बाजूला निघालं. मग?

पिन रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे ते निघण्यापूर्वी झूम करून पाहा. हुकलं तर दुभाजक ओलांडू नका आणि उलट्या दिशेने एक फूटही जाऊ नका. पुढच्या भुयारी मार्गातून वळा. परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्याचाच आरसा असतो असंही समजू नका. खंबाटकीत पुण्याकडून येणारी वाहतूक घाटातून आणि पुण्याकडे जाणारी बोगद्यातून, अशी वर्षानुवर्षांची रचना. नव्या बोगद्यांच्या कामाबरोबर ती बदलते आहे. तिथे रस्त्यावरचा फलक आधी, नकाशा नंतर.

१६. पावसाळ्यात नकाशावर किती विश्वास ठेवावा?

दिशेसाठी ठेवा, रस्ता चालू आहे की नाही यासाठी नको.

रस्ता बंद झाल्याचं नकाशाला मुख्यतः त्या रस्त्यावरचे फोन आणि लोकांनी पाठवलेल्या सूचना यांतून कळतं. भर पावसात घाटात गाड्या कमी, रेंज नाही, सूचना करणारा कोणी नाही. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तिथेच नकाशाला सर्वांत कमी दिसतं. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी आल्या, रस्ता खचला आणि महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक थांबली. कुंभार्ली आणि केळघर घाटांतही दरडींची भीती असते. या दिवसांत निघण्याआधी घाटाखालच्या आणि वरच्या, दोन्ही गावांत कुणाला तरी फोन करा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची आणि पोलिसांची सूचना पाहा.

सांगलीकडे अडचण पाण्याची. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि फरशी पूल नकाशावर साध्या रस्त्यासारखे दिसतात आणि जवळचा मार्ग म्हणून पुढे केले जातात. नदी वाढली की ते पाण्याखाली जातात. सांगलीत ऊन पडलेलं असलं तरी फसू नका; पाऊस पडतो महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यात, कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी नंतर खाली पोहोचतं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावं लागत नाही, बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला मात्र आवर्जून सांगा. पुलावरून पाणी वाहत असेल तर नकाशा काहीही म्हणो, गाडी मागे वळवा.

१७. पालखी, यात्रा किंवा कासच्या गर्दीत मार्ग कसा ठरवायचा?

आषाढीच्या आधी ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते आणि ते वळण नकाशावर वेळेत येईलच असं नाही. पोलिसांचं पत्रक मुक्कामाच्या तारखांसकट वाचा आणि वळवलेल्या मार्गावरचं एखादं गाव मध्ये 'थांबा' म्हणून टाका. नकाशा तिकडूनच नेईल. मांढरदेव आणि पुसेगावच्या यात्रांनाही हीच युक्ती. कासला फुलांच्या हंगामात गाड्या पठाराच्या अलीकडे थांबवतात. तेव्हा पिन पठाराची नको, वाहनतळाची लावा.

१८. रेंज जाते तिथे काय करायचं?

घरच्या वायफायवर भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. ठिपका उपग्रहांवर चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र ऑफलाइन असताना गर्दीची माहिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत, पायी मार्गही नाही. गडावर किंवा जंगलात चालायचं असेल तर ऑर्गॅनिक मॅप्ससारखं ओपनस्ट्रीटमॅपवरचं अ‍ॅप बरं, त्यात पायवाटाही असतात. उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतो, तो निघण्याच्या आदल्या रात्री ताजा करा.

१९. रोज दहा-बारा ठिकाणी माल पोहोचवतो. सगळी ठिकाणं एकदम टाकता येतात का?

गूगल मॅप्समध्ये सुरुवातीच्या जागेशिवाय नऊ ठिकाणं बसतात. पण तुम्ही ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने तो नेतो, क्रम स्वतःहून सुधारत नाही. म्हणून आधी सगळ्या पिना एका यादीत जपा, नकाशावर एकदम पाहा, भाग पाडा : करंजे-शाहूपुरी एक फेरी, सदर बझार-गोडोली दुसरी, पेठा तिसरी. पेठांत सकाळी लवकर जा आणि गाडी मोती चौकात न नेता लांब लावा. ग्राहकाच्या दारात एकदा पोहोचलात की तिथेच उभं राहून पिन दुरुस्त करून जपा. महिन्याभरात तुमची स्वतःची यादी कुठल्याही तयार नकाशापेक्षा भरवशाची होते.

२०. चूक कळवली, पण नकाशावर बदल झाला नाही. पुढे काय?

काही सूचना तासाभरात मान्य होतात, काही महिनाभर पडून राहतात, काही नाकारल्या जातात. नाकारलेली सूचना तशीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. फोटो बदला, जागेवर उभं राहून पाठवा, एका सूचनेत एकच दुरुस्ती ठेवा. नाव, पिन आणि रस्ता एकदम बदलायला गेलात तर तिन्ही अडतात. गावातल्या आणखी दोघा-चौघांना तीच चूक आपापल्या फोनवरून कळवायला सांगा. तरी अडलं, तर जागेचा फोटो आणि पिन मला पाठवा. आपण मिळून पुन्हा पाठवू.